एका मुंबईकर वैमानिकाची कबर

पहिल्या महायुद्धातील लढाऊ वैमानिक म्हटला, की जगात कोठेही एकच नाव निघते : मान्फ्रेड फॉन रिख्टहोफेन. तांबडे विमान, ऐंशी विजय आणि सव्विसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीचे मरण, एवढ्या तीन गोष्टींवर या जर्मन सरदारपुत्राची कीर्ती शंभराहून अधिक वर्षे टिकून राहिली आहे. त्याची चरित्रे झाली, चित्रपट झाले, लहान मुलांच्या खेळण्यांतसुद्धा त्याचे तीनपंखी विमान आले. २१ एप्रिल १९१८ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीच्या खोऱ्यात तो पडला. त्यानंतर सुमारे दहा आठवड्यांनी, आम्यें शहराच्या पूर्वेकडील त्याच आघाडीवर, ब्रिटिशांच्या बाजूने लढणारा एक तरुण वैमानिक जर्मन गोळ्यांनी खाली आला आणि जर्मनांच्याच हाती मरण पावला. तो मुंबईचा होता. श्रीकृष्ण वेलिनकर हे त्याचे नाव.

आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्याविषयी. पण पहिल्याला वगळून ते बोलता यावयाचे नाही. एकाच आकाशात, एकाच वर्षी, एकच काम करीत असता दोन तरुण मेले. एकाचे नाव घरोघर पोचले आणि दुसऱ्याचे नाव त्याच्या स्वतःच्या गावालाही ठाऊक नाही. हे असे का व्हावे, हा प्रश्न शौर्याच्या तराजूने सुटत नाही. त्याचे उत्तर विमानांत जितके आहे, तितकेच मुंबईच्या टाऊन हॉलात आहे.

आपल्या नव्या मुंबईला या गोष्टीची आठवण असण्याचे कारण नाही. हे शहर वसविण्यासाठी सिडकोची स्थापना झाली ती १९७० साली. १९१८ साली खाडीच्या या बाजूस मिठागरे, भातखाचरे, आगरी-कोळ्यांची गावे आणि पनवेलचा बाजार एवढेच होते. परंतु ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उलव्याजवळच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि विमान ही वस्तू आपल्या अंगणात आली. ८ ऑक्टोबर हा भारतीय वायुदलाचा स्थापनादिन आहे. हा योगायोग असेल. तरी तो या विषयास निमित्त म्हणून पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट येथेच बोलून टाकतो. मुंबईच्या विमानविद्येचा विषय निघाला, की आपल्याकडे १८९५ सालच्या चौपाटीची कथा हटकून येते. शिवकर बापूजी तळपदे यांनी राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे विमान उडविले, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. तळपदे हा माणूस खरा, त्यांचा उद्योग खरा; उड्डाणाला मात्र इतिहासाच्या कसोटीवर टिकेल असा पुरावा नाही. ज्याला पुरावा नाही त्या उड्डाणावर आपण चित्रपट काढतो, आणि ज्याची कबर फ्रान्समध्ये दगडात कोरलेली आहे त्या मुंबईकर वैमानिकाचे नाव कोणी घेत नाही. हा आमच्या अभिमानाचा दोष म्हणावा की आळसाचा, ते श्रोत्यांनी ठरवावे.

आता त्या जर्मनाकडे वळू. रिख्टहोफेन १८९२ साली ब्रेस्लाउ येथे जन्मला. तो मूळचा घोडदळातला भालाईत. युद्धाच्या पहिल्या काही महिन्यांतच काटेरी तारा आणि मशीनगन यांनी घोडदळाचे काम संपविले आणि बेकार झालेला हा स्वार विमानदळात गेला. तेथे त्याला गुरू भेटला तो ओस्वाल्ड ब्योल्के. आकाशातील लढाईचे पहिले व्यवस्थित नियम या ब्योल्केने घालून दिले : सूर्य पाठीशी ठेवावा, उंचीचा फायदा घ्यावा, अगदी जवळ गेल्याखेरीज गोळी झाडू नये. या नियमांत कोठेही दिलदारपणा नाही, द्वंद्वयुद्धाचे आव्हान नाही. शिकारी जसा दबा धरतो तसा दबा धरावयाचा, एवढाच त्यांचा अर्थ. रिख्टहोफेन खरोखरीचा शिकारी होता, आणि हे शास्त्र त्याने गुरूपेक्षाही पुढे नेले. प्रत्येक विजयानंतर तो बर्लिनच्या एका जवाहिऱ्याकडून तारीख कोरलेला चांदीचा लहानसा पेला करवून घेई. साठ पेले झाले, तेव्हा जर्मनीत चांदीची टंचाई पडली आणि पेले थांबले. माणसे मारणे थांबले नाही.

त्याच्या पराक्रमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पराक्रम ही एक गोष्ट आणि कीर्ती ही दुसरी. खंदकात चिखलात मरणाऱ्या लाखो शिपायांची नावे वर्तमानपत्रांत छापून लोकांचा उत्साह वाढत नव्हता. विमानातला एकटा वीर त्यासाठी सोयीचा होता. त्याला चेहरा होता, नाव होते, मोजता येईल असा आकडा होता. जर्मन सरकारने त्याला सर्वोच्च पदक दिले, त्याच्या छायाचित्रांची पोस्टकार्डे लाखांनी खपली, १९१७ साली त्याच्या नावाने आत्मचरित्रही निघाले. तो पडला तेव्हा ऑस्ट्रेलियन विमानपथकाने बेर्तांगल या गावी त्याला लष्करी मानाने पुरले. शत्रूलाही त्याच्या कीर्तीत वाटा हवा होता. एवढे वैभव वाट्याला येण्यास मागे एक राज्य लागते, छापखाना लागतो, आणि आपला म्हणणारा समाज लागतो. वेलिनकराच्या मागे यांतले काय होते?

त्याच्या मागे ब्रिटिश साम्राज्य होते असे कोणी म्हणेल. होते, पण ते कसे होते हे पाहिले पाहिजे.

त्या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. महाराष्ट्रातील मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कूत-अल्-अमाराच्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली आणि १९१६ च्या एप्रिलात तुर्कांच्या कैदेत गेल्या. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर आजही मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखले जाते. या साऱ्या शिपायांना एक भिंत होती. शिपाई नाईक होई, हवालदार होई, जमादार होई, आणि नशीब फळफळले तर सुभेदार मेजर होई. तेथे शिडी संपे. सुभेदाराची सनद व्हॉइसरॉयची. खऱ्या अधिकाऱ्याची सनद राजाची, आणि ती गोऱ्यालाच मिळे. पंचवीस वर्षे नोकरी केलेला, छातीवर पदके असलेला सुभेदार मेजर इंग्लंडहून कालच आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला सलाम करी आणि त्याच्या हुकमाखाली वागे. गोऱ्या शिपायाने काळ्या अधिकाऱ्याचा हुकूम मानावा, ही कल्पनाच राज्यकर्त्यांना सहन होत नव्हती.

लोकमान्य टिळकांनी नेमके हेच वर्म धरले होते. युद्धात सरकारला साहाय्य करावे की नाही, या वादात टिळकांचे म्हणणे व्यवहाराचे होते. माणसे देऊ, पण त्यांना अधिकाऱ्यांच्या जागा द्या. ज्या राज्याचे रक्षण करावयाचे त्या राज्यात हक्क द्या. गांधीजी त्या वेळी खेडा जिल्ह्यात बिनशर्त सैन्यभरतीच्या खटपटीत होते. टिळकांनी त्यांच्याकडे पन्नास हजार रुपयांचा चेक धाडला. हिंदी लोकांना अधिकाऱ्यांच्या सनदा मिळतील असे वचन तुम्ही सरकारकडून आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, आणि न दिली तर हा चेक तुमचा, अशी ती पैज होती. गांधीजींनी चेक परत केला. सौदा करून मदत देणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. या दोघांत कोण बरोबर होते याचा खल पुष्कळ झाला आहे. आम्हांला एवढेच म्हणावयाचे आहे, की टिळकांची पैज ही इतिहासातील मोठी पारदर्शक वस्तू आहे. तिच्यातून सरकारची खोट आरपार दिसते.

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलात युद्धपरिषद भरली. जेथे आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, तीच ही इमारत. अध्यक्षस्थानी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन होते. टिळक बोलावयास उभे राहिले. राजनिष्ठेचे दोन शब्द बोलून त्यांनी स्वराज्याचा आणि हक्कांचा मुद्दा काढताच गव्हर्नरांनी त्यांना थांबविले. राजकीय चर्चा येथे चालणार नाही म्हणून सांगितले. टिळक व्यासपीठावरून उतरले आणि सभागृह सोडून बाहेर पडले. त्यांच्यामागून नरसिंह चिंतामण केळकर व आणखी काही मंडळी बाहेर पडली. मुंबईत या अपमानाच्या निषेधाची सभा झाली, तिचे अध्यक्ष गांधीजी होते. पैजेतील मतभेद येथे आड आला नाही.

१० जूनला टिळकांना बोलू दिले नाही, आणि २७ जूनला वेलिनकर फ्रान्समध्ये आपल्या विमानासह बेपत्ता झाला. मध्ये अवघे सतरा दिवस. ज्या राजसनदेसाठी टाऊन हॉलात भांडण झाले, ती सनद या मुंबईकर तरुणाच्या खिशात होती. ती त्याला मिळाली कशी?

ही हकीगत मोठी चमत्कारिक आहे. त्या युद्धात ब्रिटिश विमानदळात अधिकारी म्हणून लढलेले चार हिंदी वैमानिक प्रसिद्ध आहेत : पंजाबचे हरदित सिंग मलिक, बंगालचे इंद्रलाल रॉय आणि एरल चंदर सेन, आणि मुंबईचा वेलिनकर. चौघेही इंग्लंडात शिकणारे. मलिक ऑक्सफर्डला, वेलिनकर केंब्रिजला, रॉय लंडनच्या सेंट पॉल शाळेत. युद्ध पेटताच बरोबरीची इंग्रज मुले वर्गातून उठून अधिकारी झाली. या मुलांनाही जावयाचे होते, तर दार बंद. मलिकांनी प्रथम फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णगाडी हाकली. पुढे फ्रेंच विमानदळ आपल्याला घेते असे त्यांनी आपल्या ऑक्सफर्डच्या गुरूंना, अर्कहार्ट यांना, कळविले. गुरूंना लाज वाटली. ब्रिटिश प्रजेतला माणूस फ्रेंचांना चालतो आणि आपल्याला चालत नाही, हे कसे, असे त्यांनी विमानदळाचे प्रमुख जनरल हेंडरसन यांस लिहिले. आणि १९१७ च्या एप्रिलात मलिकांना सनद मिळाली. भूदलात पहिल्या नऊ हिंदी अधिकाऱ्यांना राजसनद मिळाली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टात. म्हणजे जमिनीवरचे दार उघडण्याआधी आकाशातले किलकिले झाले होते.

असे का झाले असावे, याविषयी आमचा एक तर्क आहे. हे चौघेही एकाच जातीच्या पथकांत गेले. त्यांची सर्व विमाने एकट्या माणसाने चालवावयाची लढाऊ विमाने होती : मलिक व सेन कॅमलवर, रॉय एस. ई. पाचवर, वेलिनकर डॉल्फिनवर. भूदलात अधिकारी म्हणजे चाळीस-पन्नास माणसांवर हुकूम चालविणारा. लढाऊ विमानात हुकूम घेणारा दुसरा कोणीच नसतो. माणूस आणि यंत्र, बस. गोऱ्या शिपायाने काळ्या अधिकाऱ्याला सलाम करण्याचा जो यक्षप्रश्न, तो दहा-पंधरा हजार फुटांवर उद्भवत नाही. शिवाय १९१७ च्या एप्रिलात ब्रिटिशांची विमाने इतकी पडली, की त्या महिन्याला इंग्रज लेखक आजही रक्तरंजित एप्रिल म्हणतात. वैमानिक कमी पडत होते. गरज आणि सोय यांचा असा मेळ पडला, की उदारपणाला फारशी तोशीस पडली नाही.

आत गेल्यावर मात्र मरणाने भेदभाव केला नाही. मलिक शीख. त्यांनी पगडी सोडली नाही. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण मुद्दाम करवून घेतले. २६ ऑक्टोबर १९१७ रोजी वाईट हवेत, आपला गटप्रमुख बार्कर याच्यासह, ते जर्मन हद्दीत घुसले. शत्रूच्या विमानांनी घेरले, पायात गोळ्या शिरल्या, विमानाची चाळण झाली. पाठलाग चुकवीत जमिनीलगत उडत त्यांनी कसेबसे आपल्या हद्दीत विमान आणून आपटले आणि ते वाचले. शिरलेल्या गोळीचा भाग जन्मभर त्यांच्या पायात राहिला. या झुंजीत स्वतः रिख्टहोफेन मलिकांच्या मागे लागला होता, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. गोष्टीला रंग चढतो खरा. परंतु ३ सप्टेंबर ते २३ नोव्हेंबर १९१७ या मधल्या काळात त्या जर्मनाच्या नावावर एकही विजय नोंदलेला नाही, आणि त्या आधी त्याच्या डोक्याला झालेली जखम पुरती भरली नव्हती. मलिकांच्या शौर्याला रिख्टहोफेनची साक्ष लागत नाही. पुढे हे मलिक आय. सी. एस. झाले, पतियाळाचे पंतप्रधान झाले, स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले आणि १९८५ साली वारले.

सेन १९१७ च्या सप्टेंबरातच जर्मनांच्या हाती सापडला आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिला. इंद्रलाल रॉयची गोष्ट चटका लावणारी आहे. त्याला दृष्टी अधू म्हणून नाकारले, तेव्हा त्याने मोटारसायकल विकून त्या पैशांतून मोठ्या नेत्रवैद्याचा दाखला मिळविला. १९१७ च्या डिसेंबरात विमान कोसळून तो जायबंदी झाला. पुन्हा उभा राहिला, आणि ६ ते १९ जुलै १९१८ या दोन आठवड्यांत त्याच्या नावावर दहा विजय लागले. २२ जुलैला तो पडला. विसावे वर्ष पुरे झाले नव्हते. एस्तेव्हेल येथील त्याच्या थडग्यावर बंगाली लिपीतले शब्द कोरलेले आहेत. कलकत्त्यात त्याच्या नावाचा रस्ता आहे, १९९८ साली जन्मशताब्दीला टपाल तिकीट निघाले. बंगाल आपली माणसे विसरत नाही, हे कबूल केले पाहिजे.

आता वेलिनकर. त्याच्या नावावर विजयांची माळ नाही, म्हणून चरित्रकारांचा त्याच्याकडे ओढा नाही. परंतु त्याचे काम काय होते, हे त्याच्या विमानावरून चांगले कळते. तो तेविसाव्या पथकात होता. या पथकाला १९१८ च्या वसंतात सॉपविथ कंपनीचे डॉल्फिन हे नवे विमान मिळाले. दुपंखी विमानात वरचा पंख थोडा पुढे असतो. यात तो मागे होता, आणि वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या मधल्या चौकटीतून बाहेर निघे. त्यामुळे वरचे आणि चौफेर आकाश त्याला जसे दिसे तसे दुसऱ्या कोणाला दिसत नसे. पण उतरताना विमान उलथले, तर सगळा भार प्रथम वैमानिकाच्या मानेवर. नव्या विमानाविषयी वैमानिकांच्या मनात जी धास्ती होती ती याचीच. इंजिन दोनशे अश्वशक्तीचे हिस्पानो. त्याचे दाते तुटण्याची तक्रार नेहमीची. मात्र खूप उंचावर हे विमान उत्तम चाले. म्हणून त्याला उंचावरची गस्त मिळे. तेथे प्राणवायू विरळ, थंडी हाडे फोडणारी, आणि डोके उघड्या वाऱ्यात. समोर मशीनगनची जोडी. काम एवढेच, की शत्रूची विमाने आपल्या आघाडीवर येऊ द्यावयाची नाहीत, आणि आपली टेहळणीची विमाने सुखरूप परत आणावयाची.

तो काळही ध्यानात घ्या. मार्चमध्ये जर्मनांनी अखेरचा मोठा रेटा दिला होता आणि ते आम्यें शहराच्या तोंडाशी येऊन थांबले होते. जूनमध्ये जमिनीवर दोन्ही सैन्ये खंदकांत थोपलेली. आकाशात मात्र झुंज रोजची. जर्मनांकडे नुकतेच फोकर डी सात हे विमान आले होते. ते इतके सरस निघाले, की पुढे नोव्हेंबरात तहकुबीचा करार झाला त्यात या विमानाचे नाव घालून ती सगळी विमाने हवाली करण्याची अट दोस्तांनी घातली. शत्रूच्या एखाद्या हत्याराचे याहून मोठे कौतुक कोणी केले नसेल.

आणि पॅराशूट. जर्मन वैमानिकांना १९१८ च्या पूर्वार्धात पॅराशूट मिळू लागले होते; ब्रिटिश विमानांच्या वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत मिळाले नाही. २९ जून १९१८ रोजी एर्न्स्ट ऊडेट या जर्मन वीराचे विमान निकामी झाले. त्याने उडी टाकली, दोर अडकला, जमीन अगदी जवळ आल्यावर पॅराशूट उघडले आणि तो वाचला. पुढे त्याचे विजय बासष्ट झाले. जर्मनांत रिख्टहोफेनच्या खालोखाल तोच. त्याच्या आदल्याच आठवड्यात वा त्या सुमारास पडलेल्या कोणाही ब्रिटिश वैमानिकाला हा पर्याय नव्हता. २७ जूनला गस्तीवर गेलेला वेलिनकर परत आला नाही. विमान जखमी, आपण जखमी, आणि खाली शत्रूची हद्द, अशा वेळी वैमानिकाला करता येते ते एकच : विमान जमेल तसे खाली न्यावयाचे. तो जिवंत जर्मनांच्या हाती लागला आणि ३० जूनला जखमांनी मरण पावला. वयाची पंचविशी त्याने पाहिली नाही.

जर्मनांनी त्याला अधिकाऱ्याच्या मानाने पुरले. येथे एक बारीकशी गोष्ट आहे, ती आम्हांला फार बोलकी वाटते. त्यांनी कबरीवर नाव घातले ते चुकीचे. शत्रूच्या सैन्यात, इंग्रज हुद्द्याचा, आणि आडनाव कोकण-गोव्याकडच्या मातीतले. जर्मन कारकुनाला ते उमगावे कसे? त्या चुकीच्या नावामुळे युद्ध संपल्यावरही त्याची कबर ओळखू येईना. ती निश्चित होईपर्यंत आणखी काही वर्षे गेली. मुंबईतल्या घराने तोपर्यंत कशी वाट पाहिली असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी. आज ती कबर हंगार गावाच्या दफनभूमीला जोडून असलेल्या लष्करी भागात आहे.

या ठिकाणी एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हा तरुण कोणाच्या युद्धात मेला? साम्राज्याच्या. ज्या साम्राज्याने टिळकांना टाऊन हॉलात बोलू दिले नाही आणि पुढच्याच वर्षी जालियनवाला बागेत गोळ्या घातल्या, त्याच्यासाठी. मग त्याचे स्मरण आपण का करावे? हा आक्षेप हलका नाही. आपल्याकडे या वैमानिकांचा विसर पडला त्याचे मोठे कारण हेच आहे. इंग्रजांना ते आपले वाटले नाहीत आणि आपल्याला ते इंग्रजांचे वाटले. रिख्टहोफेनच्या मागे राष्ट्र उभे होते. यांच्या मागे दोन्हीकडून पाठ फिरलेली.

परंतु आमच्या मते हा आक्षेप अर्धाच खरा आहे. टिळकांची मागणी काय होती? हिंदी माणूस अधिकारी म्हणून लढू शकतो, हे मान्य करा. सरकारचे उत्तर काय होते? तो नेतृत्वाला लायक नाही, यंत्र त्याच्या हाती देता येत नाही. या उत्तराला सभेतील भाषणाने जेवढा तडा जात होता, त्याहून मोठा तडा त्या चार मुलांनी दिला. एकट्याने विमान चालविणे, एकट्याने निर्णय घेणे, समोर त्या काळातले जगातले सर्वोत्तम वैमानिक असता टिकाव धरणे, हे हिंदी माणसाला जमते की नाही, याचा निकाल १९१८ मध्येच लागला होता. टिळक टाऊन हॉलातून बाहेर पडले आणि वेलिनकर विमानात चढला, या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत असे आम्हांला वाटत नाही. एकाने हक्क मागितला, दुसऱ्याने तो वापरून दाखविला.

सरकारने मात्र तो निकाल वाचला नाही. युद्ध संपले आणि किलकिले झालेले दार पुन्हा लोटले गेले. स्कीन समिती बसली, तिच्यापुढे मोतीलाल नेहरू व जीना यांच्यासारखी माणसे झगडली, आणि मग १९३० साली पहिले मोजके हिंदी तरुण क्रॅनवेलच्या विमानविद्यालयात पोचले. भारतीय वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ला झाली. १ एप्रिल १९३३ ला कराचीत पहिल्या पथकाची पहिली तुकडी उभी राहिली, तिच्याजवळ चार वापिटी विमाने होती. १९१८ मध्ये जे सिद्ध झाले होते ते मान्य करावयास चौदा वर्षे लागली. त्यानंतर चक्र भराभर फिरले. १९४० साली मुंबईत जन्मलेला आणखी एक तरुण, हृषीकेश मुळगावकर, या दलात अधिकारी झाला. १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत महावीरचक्राचा मानकरी ठरला. आणि १९७६ साली वायुदलाचा प्रमुख झाला. २०१५ साली पुण्यात तो वारला.

त्या जर्मनाच्या अस्थींना मात्र विसावा मिळाला नाही. बेर्तांगलहून त्या फ्रिकूरला नेल्या. १९२५ साली भावाने त्या बर्लिनला आणविल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग अंत्ययात्रेला हजर होते. त्याच्या विमानदळाचे प्रमुखपद जुलै १९१८ मध्ये ज्या हेर्मान ग्योरिंगकडे गेले, त्याने पुढे हिटलरच्या राज्यात या मृत वीराच्या नावाचा यथेच्छ उपयोग करून घेतला. ऊडेट त्याच ग्योरिंगच्या नोकरीत शिरला आणि १९४१ साली त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. बर्लिनची वाटणी झाल्यावर रिख्टहोफेनची कबर भिंतीच्या कडेला आली. १९७५ साली घरच्यांनी अस्थी पुन्हा उकरून वीस्बाडेनला नेल्या.

हंगार येथील लष्करी भाग सुरू झाला तो ऑगस्ट १९१८ मध्ये, कॅनडाच्या सैन्याने त्या गावाजवळून चढाई केली तेव्हा. युद्धानंतर भोवतालच्या रणक्षेत्रातील इतरांनाही तेथे आणून ठेवले. कबरींवरचे दगड सगळे सारखे, सेनापतीचा मोठा आणि शिपायाचा लहान असा प्रकार नाही. बहुतेक नावे कॅनडातली व इंग्लंडातली. कित्येकांवर नावच नाही, कारण ते ओळखू आले नाहीत. त्यांत एका दगडावर विमानदळाचे चिन्ह आणि वेलिनकर हे नाव आहे, आणि या वेळी ते बरोबर लिहिलेले आहे. आम्यें शहरातून ते गाव गाडीने अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे.